वेगळ्या दोन पेट्या

मशीन कशानं बिघडली ते तो सांगायचा. कोणाच्या हातानं बिघडली ते कधी सांगायचा नाही. मरेपर्यंत त्यानं हा नेम पाळला, एक घर सोडून. ते घर माझं. त्याचंच मला लिहायचं आहे, पण आधी माणूस कसा होता ते सांगतो, नाहीतर कोणाला पटणार नाही.

मूल गावच्या बाजारात त्याचं दुकान होतं. फळी टाकलेली, वर टिन, बोर्ड नाही. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही मिस्त्रीच म्हणतो. रेडिओ, टेप, लाऊडस्पीकरच्या पेट्या, पुढे टीव्ही आणि होम थिएटर, आवाज करणारं काहीही त्याच्याकडे यायचं. मिक्सर, पंखा आणला की परत पाठवायचा. म्हणायचा, हे नुसतं फिरते, बोलत नाई.

समोर पेटी ठेवली की तो लगेच उघडायचा नाही. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खर्रा घोटत बसायचा. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. नजर पेटीवर. आमच्याकडे खर्रा कोण खात नाही, बायामाणसंसुद्धा खातात, पण हा घोटायचा आणि स्वतः खायचा नाही. घोटून झाला की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि मग पेचकस उचलायचा. मी एकदा विचारलं की खात नाहीस तर घोटतो कशाला. तो म्हणाला, तोंडात खर्रा असला का माणूस गप राह्यते. गिऱ्हाईक बोललं का मले पेटीचं ऐकू येत नाई.

विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर एकदा जयंतीच्या तोंडावर बंद पडला. आमच्या कमिटीत तेव्हा दोन गट. हे म्हणत त्यांनी बिघडवला, ते म्हणत यांनी. दोन्ही गटांची माणसं पेटी घेऊन मिस्त्रीकडे गेली, मीही होतो. सगळ्यांना ऐकायचं होतं की कोणी केलं. त्यानं सात माणसांसाठी खर्रा घोटला. मग पेटी उघडली, काहीतरी काढलं, काहीतरी लावलं, बंद केली.

"फ्यूज गेला होता," म्हणाला.

"पण कोणी घालवला?"

"फ्यूज आपल्या पायानं गेला."

दोन्ही गट चिडून परत आले. जयंतीला पेटी वाजली. त्या वर्षी भांडण झालं नाही, कारण भांडायला काही हाती लागलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, हा माणूस भित्रा आहे. मी तोंडावर बोलणारा. राईस मिलमध्ये बत्तीस वर्षं काढली, आधी कट्टे म्हणजे धानाची पोती उचलली, मग हलरवर, धान सडायच्या मशीनवर, उभा राहिलो. चौथी शिकलेला माणूस. ज्याची चूक त्याच्या तोंडावर सांगायची, एवढंच मला येत होतं.

भात निघाला की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मिस्त्री तेव्हा दुकान बंद करून वडसा-ब्रह्मपुरीकडच्या नाटक मंडळींबरोबर फिरायचा, साऊंड सांभाळायला. माईक तपासताना लोक हॅलो हॅलो करतात. तो स्टेजवर कोणालातरी उभं करून भाजीपाल्याची नावं घ्यायला लावायचा. वांगे, भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, फुलकोबी. म्हणायचा, हॅलो तर फुटक्या डब्यातूनबी ऐकू येते, भेदरं म्हणा म्हणजे समजंल. आणि स्वतः मागे जाऊन सगळ्यात शेवटच्या बांबूच्या तट्ट्यावर म्हाताऱ्या बायांत बसायचा. बायांना विचारायचा, आजी, काय म्हणाला तो? आजीनं भेदरं म्हटलं तरच पडदा उघडायचा. एका गावात आजी बहिरीच निघाली. नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं आणि लोकांनी मिस्त्रीला शिव्या घातल्या. तो म्हणाला की तिनंही तिकीट काढलं आहे.

माझी बायको त्या मागच्या बायांतलीच. नाटकाचं तिला वेड होतं. दिवसभर मिलमध्ये तांदूळ चाळायची आणि संध्याकाळी तट्टा काखेत मारून निघायची. मी सोबत जायचो, कारण एकटीनं कसं जाणार. मिस्त्री तिला तेव्हापासून ओळखायचा. बाई म्हणायचा.

मग तिला लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं राहिलं, डोकं राहिलं, उजवा हात राहिला. ती खाटेवर आणि मी खाटेजवळ, असं सुरू झालं. पोरगा नागपूरला असतो. त्यानं घरी नवं घेतलं आणि जुनं होम थिएटर आम्हाला आणून दिलं. एक जाड काळी पेटी, तिला रिसीव्हर म्हणतात, आणि पाच स्पीकर. मिस्त्रीनं मंडळींबरोबर फिरताना चित्रासकट उतरवून घेतलेली नाटकं एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. तिचं ऐकणंही कमी झालं होतं, टीव्हीचा आवाज तिला पुरायचा नाही. या पेटीवर पुरायचा. ती डोळे मिटून पडायची आणि पात्रं बोलायच्या आधी तिचे ओठ हलायचे. रोज दुपारी एक अंक. बाकी दिवसात तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

आमचं घर मिलच्या मागं. कोंड्याची काळी धूळ दार लावलं तरी आत येते. म्हणून घरात सगळ्यावर कपडा. टीव्हीवर, मिक्सरवर, फ्रिजवर. लकवा मारल्यावरही तिनं एका हातानं, कपडा दातात धरून, जुन्या लुगड्याची झालर शिवली आणि रिसीव्हरवर घालायला लावली. मला ते कौतुकाचं वाटलं. मीच ती रोज सारखी करायचो.

एक दिवस ती म्हणाली, मधला स्पीकर जवळ पाहिजे, बोलणं त्याच्यातूनच येते. तार पुरेना. मी तारेला तार जोडली. मिलमध्ये जोडायचो तशी, दातानं दोन बोटं सोलायची, घट्ट पिळायची, वरून कट्ट्याची चिंधी. पेटीच्या मागच्या भोकांतही तशीच दोन बोटं सोलून खुपसली. कमी सोललेली तार निसटते, हे आम्हाला मिलमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आवाज आला. ती खूश झाली. तीन-चार दिवस चाललं.

मग एका दुपारी तिसऱ्या अंकात, भाऊ परदेशातून येतो आणि बहिणीला ओळखत नाही तिथं, टक झालं आणि पेटी मुकी झाली. लाल दिवा लुकलुक करायला लागला. टीव्हीवर पात्रं हात वर करत होती, तोंडं हलवत होती. मी पेटी बंद केली, चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मिलची मोटार पहिल्या झटक्यात उठत नाही, दाबत राहिलं की उठते. मी हात दुखेस्तोवर दाबली. नंतर दिवाही गप झाला आणि जळाल्याचा वास आला.

मिस्त्री घरी आला, कारण पेटी दुकानात न्यायला तिनं नाही म्हटलं. खाटेजवळ जमिनीवर बसला. खर्रा घोटला, माझ्या हातात दिला. मग झालर काढून नीट घडी करून तिच्या उशाशी ठेवली. मागच्या तारा एकेक काढल्या, काढताना प्रत्येक तारेचं टोक उजेडात धरून पाहिलं. झाकण उघडलं. आत काळा कोंडा बसलेला, बोटभर नाही म्हणणार पण होता. त्यानं फुंकला. मग टीव्हीच्या तारेची पिन मागच्या एका भोकात, आपला छोटा तपासायचा स्पीकर दुसऱ्या भोकात, असं करत तासभर गेला. शेवटी त्या छोट्या स्पीकरमधून बारीक आवाज आला. नाटकातला भाऊ बोलत होता.

"हिचं डोकं शाबूत हाये," मिस्त्री म्हणाला. "समजते सगळं. अंगातली ताकद गेली."

खाटेवरून ती म्हणाली, "म्हणजे माह्यासारखी."

आम्ही तिघं हसलो. त्या घरात तिघं मिळून हसलो ते तेवढंच शेवटचं.

मी विचारलं की कशानं झालं. तो म्हणाला, व्होल्टेज. मी म्हटलं, नवे पार्ट टाक. तो म्हणाला की टाकता येतील, पण टाकणार नाही. एकाच पेटीत सगळं कोंबलेल्या मशीनवर त्याचा जुना राग होता. रेडिओ त्यातच, डिकोडर त्यातच, पाच स्पीकरची ताकद त्यातच. एकाले ताप आला का सगळं घर खाटेवर, म्हणायचा. त्याचं म्हणणं, या पेटीला फक्त डोक्याचं काम करू द्यायचं, आणि ताकदीसाठी वेगळे अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. एक मधल्या स्पीकरचा, बोलण्यासाठी. एक बाजूच्या दोन स्पीकरचा. मागचे दोन स्पीकर सोडून द्यायचे, बाईले मागून काही ऐकायचं नाई. म्हणजे पुढं एक बिघडला तरी दुसरा राहील. मी म्हटलं, तोपर्यंत एक भोंगा लावून दे, तिला तिसरा अंक पुरा करायचा आहे. तो म्हणाला, भोंग्यानं कल्ला होईन, बोलणं नाई होणार. भेदरं समजणार नाई तिले. मी नाई लावत.

मी चिडलो. तो निघून गेल्यावर चीड आतच राहिली. व्होल्टेज तो सगळ्यांना सांगायचा, मला माहीत होतं. आतला कोंडा मी डोळ्यांनी पाहिला होता. झालरीखाली पेटी तापत होती हे हाताला लागलं होतं. आणि मी तोंडावर बोलणारा माणूस.

"तुह्या झालरीनंच जीव घेतला पेटीचा," मी तिला म्हणालो. "दम घुटला आतमंधी. मिस्त्री बोलत नाई, मी बोलून राह्यलो."

 दुसऱ्या दिवशी मी पाणी भरून आलो तर तिनं हाताला येईल तेवढं सगळं उघडं केलं होतं. टीव्हीवरचा कपडा काढला, उशीची खोळसुद्धा काढली. फ्रिजवरचा काढायला मला सांगितलं. मी काढला. माफी मागावी असं मनात आलं नाही, हे खरं लिहितो. मला वाटलं, समजलं तिला.

वीसेक दिवसांनी मिस्त्री दोन पेट्या घेऊन आला. सागाच्या फळीच्या, वर जाळी, आत आपल्या हातानं बसवलेलं सगळं. सुबक काम. मी चहापत्ती आणायला दुकानात गेलो, तेवढ्यात त्यानं जोडणी केली. परत आलो तर दोघं गप्प होते. तिचा चेहरा मोकळा वाटला मला. पेट्या चालू केल्या, मिस्त्रीनं माईक लावून वांगे-भेदरं केलं, आवाज असा की भिंत बोलते वाटावं. मी तिसरा अंक लावायला गेलो. ती म्हणाली, आता नको, डोकं दुखते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, नको. आठ दिवसांनी विचारलं, राहू द्या. मी म्हटलं, तुलेच तर पाहिजे होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं रुसली आहे. झालरीचं धरून बसली आहे. मलाही राग आला, मी विचारणं सोडलं. दोन महिने त्या पेट्या भिंतीजवळ तशाच उभ्या. धूळ बसायची, मी पुसायचो, झाकायचो नाही. घरात भांड्याचा आवाज आणि मिलचा आवाज. दुपार झाली की तिचे ओठ हलायचे, काहीच चालू नसताना. मला वाटायचं बुद्धवंदना म्हणते.

भात निघायच्या दिवसांत ती गेली. सकाळी चहाचा कप हातात धरलेला, तो तसाच राहिला.

जलदान विधीला मिस्त्री आला. मागे बसला, बायांच्या मागे.  माझ्या मनात त्याच्यावर राग होता. त्यानं भोंगा लावून दिला असता तर तिनं तो अंक ऐकला असता. वीस दिवस लावले त्यानं, त्या वीस दिवसांत ती रुसली आणि उठलीच नाही, असा माझा हिशेब होता. कोणावर तरी टाकायचं होतं. अर्धं तिच्या झालरीवर टाकलं, अर्धं त्याच्यावर.

होळी झाल्यावर मी दोन्ही पेट्या कट्ट्यात घालून ऑटोनं त्याच्या दुकानात नेल्या. म्हटलं, ठेव तुझ्या. घरात ऐकणारं कोणी नाही. तो खर्रा घोटत होता. त्यानं कट्ट्याकडे पाहिलंही नाही. मी उभ्या उभ्याच बोलत सुटलो. त्याच्या उशिरानं काय झालं, आणि मुळात त्या झालरीनं काय झालं. ती न शिवती तर पेटी वाचली असती, नाटक ऐकून मेली असती. ऐकलं नाही माझं, धुळीला भ्यायची. असं मी बोलत होतो. तिच्याबद्दल, ती नसताना.

त्याचा हात थांबला.

"झालरीनं नाई झालं, भाऊ."

मी म्हटलं, मग कशानं. त्यानं पन्नीला गाठ मारली. मी म्हटलं, तू तर सांगणारच नाहीस, तुझा नेम आहे. त्यानं खर्रा तसाच पन्नीत बाजूला ठेवला. मला दिला नाही.

"नसतं सांगितलं," तो म्हणाला. "पण तू मेलेल्या बाईवर टाकून राह्यला. तार दोन बोटं सोलली होती मांगच्या भोकात. उघडी लाल तार काळीले लागली. पेटीनं सोताले वाचवासाठी आवाज बंद केला, लाल दिवा त्याच्यासाठीच लुकलुकते. तवा सोडून देली असती तर वाचली असती. तू दाबत राह्यला. किती वेळा दाबली?"

मला मोजदाद नव्हती. मी खाली बसलो. त्यानं फळीवर जागा करून दिली.

 मग तोच म्हणाला की तिला माहीत होतं. पेट्या जोडायला आला त्या दिवशी, मी चहापत्तीला गेलो तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं. भाऊ, खरं सांगा, माह्या कपड्यानं जळली का? तो म्हणाला, आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून खोटं बोलवलं नाही. तारेचं टोक दाखवलं तिला.

"काय म्हणाली?"

"पह्यले हासली. मंग म्हणे, त्यायले सांगू नका. मले बोलले ते त्यायच्या जिवाले लागन, दोन दिवस जेवणार नाईत."

मी विचारलं, "मंग नाटक काऊन नाई ऐकलं तिनं? रुसली नोती तर काऊन नाई ऐकलं?"

मिस्त्री माझ्याकडे पाहत नव्हता. बाजाराकडे पाहत होता.

"मीबी तेच विचारलं, मंग एकदा भेटाले आलतो तवा. म्हणे, चालू केलं का ते मांगं जाऊन तारा हालवतीन. त्यायची सवय हाये. तुमी थोडीशीच सोललेली तार पाह्यतीन, सोताची आठवंन, समजंन त्यायले. त्यापेक्षा बंद राहू द्या. मले तर पाठ हाये सारं."

त्यानं पेट्या परत घेतल्या नाहीत. त्याच ऑटोनं मी त्या घरी आणल्या. दारातून आत न्यायला मला जमेना, शेजारच्यानं हात लावला. मिस्त्री त्या पावसाळ्यात गेला, काविळीनं. त्याच्या फळीवर आता मोबाइलचे कव्हर विकतात. त्याच्या जलदानाला मी गेलो. बायांच्या मागे बसलो.

पेट्या जोडून ठेवल्या आहेत. पोराकडून तारा जोडून घेतल्या, मी हात लावला नाही. पेनड्राइव्ह खोचलेला आहे. बटण दाबलं की तिसरा अंक सुरू होईल, तो भाऊ येईल आणि बहिणीला ओळखणार नाही. पुढं काय होते ते मला माहीत नाही. इतकी वर्षं तिच्यासोबत गेलो, पण तिसऱ्या अंकापर्यंत मी तट्ट्यावर झोपलेलो असायचो. सकाळी शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं घरी येताना ती मला शेवट सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून, आणि मी पुढं चालत हूं हूं करायचो.